वाचकांचे प्रश्न : आधी धूर पाहा, मग पाना उचला

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न एकाच तक्रारीभोवती फिरतात : थंडीच्या सकाळी डिझेल ट्रॅक्टर सुरू होत नाही आणि संशय ग्लो प्लगवर जातो. काही वेळा तो संशय खरा असतो. पुष्कळदा दोष बॅटरीत, तारेत किंवा डिझेलमध्ये निघतो आणि बदललेले प्लग फुकट जातात.

प्रश्न : चावीच्या कुलपावर गुंडाळलेल्या तारेसारखी खूण आहे. चावी तिथे किती वेळ धरायची? कोणी पाच सेकंद सांगते, कोणी अर्धा मिनिट. इंजिन लागल्यावर ती लगेच सोडायची का?

दोघांचेही बरोबर असू शकते, कारण त्यांचे प्लग वेगवेगळे असतील. ग्लो प्लग म्हणजे आत तापणारी तार असलेली धातूची बारीक कांडी. तिचे टोक सिलिंडरच्या हेडमध्ये, डिझेल फवारले जाते तिथे डोकावते आणि 850 ते 1000 अंश सेल्सिअसपर्यंत लाल होते. जुन्या साध्या प्लगला तिथवर पोचायला 20 ते 30 सेकंद लागतात. पटकन तापणाऱ्या नव्या प्रकाराला 5 ते 10 सेकंद पुरतात. आपल्याकडे कोणता आहे ते माहीत नसेल, तर प्लगच्या अंगावर छापलेला क्रमांक आणि ट्रॅक्टरची पुस्तिका पाहा.

तापवण्याची गरज का पडते, हे कळले की बाकीचे आपोआप सुटत जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या हवेत फवारलेले डिझेल पेट घेते. थंड इंजिनात ही उष्णता हेड आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) हेच शोषून घेतात. त्यात सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी विजेची मोटर, मंद फिरत असेल तर दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते. छोट्या ट्रॅक्टरांच्या अनेक इंजिनांत डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावर न पडता हेडमधल्या एका लहानशा गोल कप्प्यात फवारले जाते. त्या कप्प्याच्या भिंती हवेच्या मानाने मोठ्या असल्याने उष्णता फार लवकर जाते. म्हणून असे इंजिन 15 अंशांतही प्लगशिवाय कुरकुरते, तर थेट फवारणीचे इंजिन बरेच खाली, शून्याच्या आसपासही, प्लगशिवाय लागू शकते.

आता क्रम. ब्रेक लावा, गिअर न्यूट्रलला, पीटीओ (अवजारे फिरवणारा मागचा दांडा) सुटा, इंजिन बंद करायची दांडी पूर्ण आत. हाताची रेस निम्म्यावर ठेवा. पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल तर तसे. क्लच पूर्ण दाबून धरा. गिअरबॉक्समधले तेल थंडीत मधासारखे घट्ट होते आणि क्लच दाबला नाही तर तेही सेल्फलाच ढवळावे लागते. दिवे बंद ठेवा. मग चावी खुणेवर धरा : साधे प्लग असतील तर माफक थंडीत 15 सेकंद, शून्याच्या जवळ 25 ते 30. एका वेळी मिनिटभराहून जास्त कधीच नाही.

लगेच सेल्फ मारा. टोक काही सेकंदांतच निवते, त्यामुळे मध्ये थांबलात तर तापवलेले वाया गेले. सेल्फ एका दमात 10, फार तर 15 सेकंद. इंजिन लागले नाही तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पुन्हा पूर्ण वेळ तापवा, पुन्हा मारा. तिसऱ्या प्रयत्नानंतर थांबून कारण शोधा. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला सेल्फची गुंडाळी तापते, बॅटरी बसते आणि मूळ दोष आहे तिथेच राहतो.

इंजिन लागल्यावर चावी परत तापवण्याच्या खुणेवर येत असेल आणि पुस्तिका तशी परवानगी देत असेल, तर आणखी 10 ते 20 सेकंद तिथेच धरा. थंड सिलिंडरमध्ये अर्धवट जळणारे डिझेल या वेळात नीट जळू लागते, पांढरा धूर विरतो आणि एखाददुसरा सिलिंडर चुकत असेल तर तोही लागतो. पुढची काही मिनिटे मिनिटाला 1000 ते 1200 फेऱ्यांवर चालू द्या. लगेच जोरात रेस देऊ नका. टर्बो असेल तर मुळीच नको, कारण त्याच्या बेअरिंगपर्यंत तेल अजून पोचलेले नसते.

डॅशबोर्डवरच्या दिव्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. अनेक ट्रॅक्टरांत तो दिवा फक्त वेळ मोजतो. प्लग खरोखर तापले की नाही, हे त्याला कळत नाही. चारही प्लग जळालेले असले तरी तो ठरल्याप्रमाणे लागतो आणि विझतो.

प्रश्न : तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर आहे. सेल्फ छान फिरतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, पण इंजिन धरत नाही. दुपारी मात्र लागते. तिन्ही प्लग बदलून टाकू का?

धूर पाहिलात हे फार चांगले केलेत, कारण अर्धे निदान तिथेच झाले. सेल्फ फिरत असताना पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ : डिझेल पोचते आहे, उष्णता कमी पडते आहे. धूर अजिबात नसता तर डिझेलच येत नाही असे समजून बंद करायची दांडी, डिझेल थांबवणारा सोलेनॉइड, फिल्टर आणि लाइनमधली हवा पाहावी लागली असती. अशा वेळी प्लग कितीही नवे घाला, उपयोग नाही.

तुमच्याकडे दुपारी इंजिन लागते, म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) अगदीच गेलेले नाही. प्लगवर संशय रास्त आहे, पण बदलण्याआधी तपासा. वीस मिनिटांचे काम आहे.

प्लगच्या माथ्यांना जोडणारी पितळी किंवा पोलादी पट्टी असते. ती बसवलेली असताना कोणी चावी धरून ठेवली की पट्टीवरचा व्होल्ट मोजा. मल्टिमीटरचे काळे टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, लाल टोक पट्टीवर. बॅटरीच्या खांबांवर त्याच क्षणी जेवढे व्होल्ट आहेत त्याहून पट्टीवर 1 व्होल्टपेक्षा जास्त कमी नकोत. उदाहरणार्थ, खांबांवर 11.8 आणि पट्टीवर 11.2 असेल तर ठीक. पट्टीवर 9.5 असेल तर प्लग निर्दोष आहेत की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी रिले (चावीच्या इशाऱ्यावर प्लगची जड वीज जोडणारा स्विच), फ्यूज, चावीचे कुलूप आणि जोडण्या पाहा. व्होल्टमधली थोडीशी घट उष्णतेत मोठी होते. 12 ऐवजी 10 व्होल्ट मिळाले तर प्लगची ताकद जवळजवळ 30 टक्क्यांनी पडते. पट्टीवर काहीच येत नसेल तर प्लगला हात लावायचे कारणच उरले नाही.

व्होल्ट बरोबर असतील तर चावी बंद करून पट्टी काढा. ही पायरी गाळू नका. पट्टी लागलेली असताना सगळे प्लग एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे जळालेला प्लगही चांगला दाखवला जातो. आता प्रत्येक प्लगचा माथा आणि इंजिनचा धातू यांच्यामधला रोध मोजा. आधी मीटरची दोन्ही टोके एकमेकांना लावून मीटर काय दाखवते ते पाहा, बहुधा 0.2 किंवा 0.3 ओहम येते, ते प्रत्येक मापातून वजा करा. 12 व्होल्टचा चांगला प्लग थंड असताना साधारण अर्धा ते दीड ओहम दाखवतो. अनंत रोध म्हणजे आतली तार तुटली. अगदी शून्य म्हणजे तार आतल्या आत अंगाला चिकटली. असा प्लग फ्यूज उडवतो. दोन प्लग 0.8 दाखवत असतील आणि तिसरा 3, तर तिसरा चालू असूनही निकामीच समजा.

मीटर नसेल तर 21 वॅटचा बल्ब चालतो. त्याची एक तार बॅटरीच्या धन खांबाला, दुसरी प्लगच्या माथ्याला. बल्ब लागला तर तार अखंड आहे. पण या चाचणीची मर्यादा ओळखा : बल्बला दोन अँपिअरही लागत नाहीत आणि आतून चिकटलेल्या प्लगवरही तो झकास पेटतो. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर सगळ्यांत खात्रीचा. पट्टी पुन्हा लावून बॅटरीकडून येणाऱ्या तारेवर तो अडकवा. सुरुवातीला आकडा मोठा दिसतो आणि टोके तापत जातील तसा खाली येऊन स्थिरावतो. प्लगमागे 10 अँपिअर धरले तर तुमच्या तीन प्लगांना 30 च्या आसपास हवेत. 20 दिसले तर एक मेलेला आहे, 10 दिसले तर दोन.

एकच गेला असेल तर एकच बदलून आजचे काम भागते. तिघांचे वय सारखे असेल तर तिन्ही एकदम बदलणे आम्हाला अधिक बरे वाटते, कारण उरलेले दोघेही शेवटाकडेच आलेले असतात.

प्रश्न : जुना ट्रॅक्टर आहे. डॅशबोर्डवर जाळीमागे एक तारेचे वेटोळे आहे, ते पूर्वी नारिंगी व्हायचे. आता होत नाही.

तुमच्या ट्रॅक्टरचे प्लग बहुधा एकामागोमाग एक, माळेसारखे जोडलेले आहेत आणि ते वेटोळे त्याच माळेतला एक मणी आहे. माळेत एक तार तुटली की सगळेच थंड. वेटोळे लागत नाही म्हणजे माळ कुठेतरी तुटली आहे. फार मंद लागत असेल तर बॅटरी किंवा सैल जोडणी. आणि नेहमीपेक्षा लवकर, पांढरट तेजाने लागत असेल तर खूश होऊ नका : एखादा प्लग अर्थ झाला आहे, म्हणजे त्याची वीज तार सोडून थेट इंजिनाच्या धातूत जाते आहे, आणि त्याच्या वाट्याचा व्होल्ट बाकीच्यांवर पडतो आहे, तेही लवकरच जातील.

तुटलेला मणी शोधायला चावी धरून बॅटरीच्या बाजूने एकेका जोडणीवर व्होल्ट मोजत पुढे जा. जिथपर्यंत व्होल्ट आहे आणि ज्याच्या पुढे शून्य होतो, तोच दोषी. माळेतले हे प्लग 12 व्होल्टचे नसतात. प्रत्येकाच्या वाट्याला फार तर एक-दोन व्होल्ट येतात. त्यामुळे असा प्लग थेट बॅटरीला लावून पाहू नका, क्षणात जळेल. आणि माळेत 12 व्होल्टचा प्लग घातला तर तो माळेलाच अडवून बसेल.

प्रश्न : माझ्या इंजिनावर ग्लो प्लग सापडतच नाहीत, तरी चावीला तापवण्याची खूण आहे. हे कसे?

इंजिन थेट फवारणीचे असेल. त्यात हेडमध्ये प्लग नसून हवा आत येते त्या नळीत एक हीटर असतो. काहींत तो नुसती जाळी किंवा पट्ट्यांचा असतो : वीज जाते, पट्ट्या तापतात, आत जाणारी हवा गरम होते.

दुसरा प्रकार ज्योत करणारा. पर्किन्स इंजिनांवर येणारा सीएव्ही कंपनीचा थर्मोस्टार्ट हा त्यातला नावाजलेला. त्याला एका बारीक नळीने डिझेल मिळते. वीज दिली की आतली तार तापते, तापल्याने झडप उघडते, डिझेल टपकते, त्याची वाफ होते आणि सेल्फने हवा ओढली की नळीतच ज्योत पेटते. म्हणून इथे 15 ते 20 सेकंद धीर धरून मगच सेल्फ मारायचा. घाई केली तर झडप उघडलेलीच नसते. हा चालत नसेल तर आधी डिझेलची नळी सोडून पाहा. ती कोरडी असते किंवा तिच्यात हवा भरलेली असते, आणि तार उगाच जळून जाते. उलट, थंड असतानाही डिझेल टपकत असेल तर झडप गळते आहे. रात्रभर ते डिझेल आतल्या नळीत साचते. असा थर्मोस्टार्ट ताबडतोब बदला.

प्रश्न : ईथरचा स्प्रे हवेच्या फिल्टरमध्ये मारला की लगेच लागते. रोज मारले तर काही बिघडते का?

तुमच्या इंजिनाला ग्लो प्लग किंवा हवा तापवणारा हीटर असेल तर एकदाही मारू नका. ईथर सुमारे 160 अंशांतच आपोआप पेट घेतो. लाल तापलेल्या टोकावर किंवा पट्टीवर तो आला की पिस्टन वर पोचायच्या आतच भडका उडतो. वर येणारा पिस्टन आणि खाली ढकलणारा स्फोट एकमेकांवर आदळतात. रिंगांमधल्या कडा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो, हेडचे पॅकिंग उडते. नळीतच पेटला तर फिल्टरसकट आग बाहेर येते आणि स्प्रे धरलेला हात तिथेच असतो.

यावर कोणी सुचवते की प्लगची तार काढा आणि मग मारा. त्याने धोका कमी होतो, संपत नाही. आणि रोज लागत असेल तर ती खूण आहे : प्लग, बॅटरी किंवा कॉम्प्रेशन यांतले काहीतरी गेले आहे आणि स्प्रे ते झाकतो आहे. त्यापेक्षा पाण्याच्या जाकिटातला ब्लॉक हीटर बसवा, किंवा वीज नसेल तर रेडिएटरचे पाणी गरम होईल अशी सोय करा. उघडी शेगडी किंवा बोळा पेटवून इंजिनखाली ठेवू नका. तिथे तेलाचा थर, डिझेलच्या नळ्या आणि तारा असतात.

प्रश्न : नवे प्लग बसवले आणि थोड्याच दिवसांत गेले. एकाचे टोक वितळून गळाले, दुसऱ्याचे फुगले. माल खोटा होता का?

खोटा असूही शकतो, पण टोक काय सांगते ते आधी ऐका.

फुगलेले टोक म्हणजे जास्त वेळ किंवा जास्त व्होल्ट. सगळेच फुगले असतील तर रिले चिकटून राहतो का पाहा : इंजिन सुरू होऊन चावी चालू स्थितीत आल्यावर एक-दोन मिनिटांनी पट्टीवर व्होल्ट मोजा, शून्यच हवा. (काही नव्या ट्रॅक्टरांत इंजिन लागल्यावरही काही वेळ प्लग मुद्दाम चालू ठेवतात, म्हणून थोडे थांबून मोजायचे.) बॅटरी बसली म्हणून 24 व्होल्टच्या वाहनावरून वीज घेतली असेल, तर त्या दिवशीच प्लग गेले असतील. चार्जर बूस्टवर ठेवून चावी तापवण्याच्या खुणेवर धरली तरी हेच होते. आणि प्लगवर छापलेला व्होल्ट वाचलात का? एकाच आट्याचे, एकाच लांबीचे प्लग 6 व्होल्टचेही असतात आणि 11 किंवा 12 चेही. डोळ्यांना ते सारखेच दिसतात.

एकाच सिलिंडरचे टोक वितळले असेल तर विजेला दोष देऊ नका. त्या सिलिंडरचे नोझल (डिझेल फवारणारे टोक) काढून दाबावर तपासून घ्या. डिझेलचे बारीक धुके पडण्याऐवजी धार पडत असेल किंवा फवारणीनंतर थेंब लोंबत असेल, तर ती ज्वाला प्लगच्या टोकावरच जळते आणि टोक कापून काढते. नोझल ठीक असेल तर फवारणीची वेळ आगाऊ सरकली आहे का पाहा. याची दुसरी खूण म्हणजे गरम इंजिनाची कडक, धातूवर धातू आपटल्यासारखी ठकठक. नोझल न बघता तिथे तिसरा प्लग घातलात तर तोही जाईल. गळालेला तुकडा पिस्टनवर पडला तर लायनरवर ओरखडे उठतात, म्हणून तुकडा सापडल्याशिवाय इंजिन फिरवू नका.

प्रश्न : प्लग सुटत नाही. जोर लावला तर तुटेल अशी भीती वाटते.

भीती योग्य आहे. बारीक कांडी, लांब आटे आणि वर्षानुवर्षे जमलेली काजळी. तुटला तर हेड उतरवावे लागू शकते. दोन दिवस आधीपासून माथ्याजवळ गंज सोडवणारे तेल थोडे थोडे टाकत राहा. मग इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, बंद करा आणि गरम असतानाच कामाला लागा, हातमोजे घालून. ॲल्युमिनियमचे हेड असेल तर गरमीचा फायदा आणखी मोठा, कारण ते पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते आणि पकड ढिली होते.

पट्टी आणि नट काढून बरोबर मापाची लांब गोटी (सॉकेट) बसवा. हाताचाच पाना वापरा, हवेवर चालणारी गन नको. टॉर्क पाना असेल तर 10 मिलिमीटर आट्याच्या प्लगला 35 न्यूटन-मीटर आणि 12 मिलिमीटरच्या प्लगला 45 ही सोडवतानाची कमाल मर्यादा समजा. तेवढ्यात हलला नाही तर थांबा, पुन्हा तेल, पुन्हा गरम. हलला की एकदम उघडत सुटू नका. पाव वळसा सोडा, थोडा परत घट्ट करा, पुन्हा सोडा. काजळी अशी कुटली जाते आणि आटे वाचतात.

प्लग निघाल्यावर भोकातली काजळी साफ केल्याशिवाय नवा घालू नका. त्या मापाचे रीमर (भोक खरवडणारे खाचांचे हत्यार) मिळते. त्याच्या खाचांत ग्रीस भरून हाताने फिरवले की काजळी ग्रीसला चिकटून बाहेर येते. नंतर डिझेल बंद ठेवून सेल्फ दोन-तीन सेकंद फिरवा. उरलेला कचरा भोकातून जोरात उडतो, तेव्हा चेहरा लांब ठेवा.

नवा प्लग आधी हातानेच पूर्ण आत गेला पाहिजे. अडला तर आटे पुन्हा साफ करा. शेवटचे आवळणे 10 मिलिमीटरला 12 ते 18 न्यूटन-मीटर, 12 मिलिमीटरला 22 ते 25; इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळा. आट्यांना टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नका. प्लगची परतीची वीज या आट्यांतून आणि खालच्या बसणीतूनच इंजिनात जाते आणि टेप ती अडवतो. माथ्यावरचा नट 4 मिलिमीटरचा असेल तर 2 न्यूटन-मीटर खूप झाले. तिथे जोर केला की आतला खांब फिरतो आणि नवाकोरा प्लग तिथल्या तिथे मरतो.

प्रश्न : रिले गेला आहे. त्याऐवजी डॅशबोर्डवर दाबायचे बटण लावून प्लगला थेट वीज दिली तर?

चालते, पण सगळी वीज त्या बटणातून जाऊ देऊ नका. तीन-चार प्लगांना सुरुवातीच्या काही सेकंदांत 60 अँपिअर किंवा त्याहून अधिक लागू शकतात. हॉर्नचा 30 अँपिअरचा रिले यात चिकटतो, साधे बटण वितळते. ग्लो प्लगसाठी बनलेला 70 किंवा 80 अँपिअरचा रिले घ्या आणि बटणाने फक्त त्या रिलेची गुंडाळी चालवा. बॅटरी ते रिले आणि रिले ते पट्टी 10 चौरस मिलिमीटर तांब्याची तार टाका, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. तीन प्लगांना 60 अँपिअरचा फ्यूज पुरतो, चाराला 80 चा. बटण दाबून धरायचे असावे, हात सोडला की बंद होणारे. अडकून राहणारा स्विच लावला की एक दिवस तो चालूच राहतो आणि पुढच्या सकाळी प्लगही नाहीत, बॅटरीही नाही.

याच पत्रात सेल्फच्या खांबांना स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर लावत असल्याचा उल्लेख आहे. हे आजपासून बंद करा. तसे करताना न्यूट्रल आणि क्लचचे सुरक्षा स्विच मधून निघून जातात. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर इंजिन लागताच तो पुढे सरकतो, आणि तुम्ही मागच्या चाकाच्या वाटेतच उभे असता. ट्रॅक्टर सीटवर बसूनच सुरू करायचा.

प्रश्न : प्लग तापवल्यावर सेल्फ घरघरतो. न तापवता मात्र बरा फिरतो. मग तापवावे की नाही?

तापवावेच, आणि बॅटरी तपासावी. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असते. 12.2 म्हणजे निम्मी. सेल्फ फिरत असताना खांबांवर 9.6 च्या खाली जात असेल तर बॅटरी उतरली आहे, जुनी झाली आहे किंवा सेल्फच जास्त वीज ओढतो आहे. थंडीचा तिच्यावर दुहेरी मार बसतो : शून्य अंशांना तिची ताकद साधारण दोन तृतीयांश उरते आणि उणे 18 ला 40 टक्क्यांच्या आसपास, तर घट्ट झालेले तेल इंजिनाला उलट जास्त जड करते. खांब आणि क्लिपा घासून चकचकीत करा. बॅटरीपासून इंजिनाला जाणारी अर्थची जाड तारही सोडून तिच्याखालचा रंग-गंज खरवडा; तिच्याकडे कोणी पाहत नाही आणि दोष बरेचदा तिथेच असतो. इंजिन तेल पुस्तिकेतल्या तक्त्याप्रमाणे थंडीचे आहे का पाहा. 15डब्ल्यू-40 च्या जागी थंडीत जास्त पातळ राहणारे 10डब्ल्यू-30 किंवा 5डब्ल्यू-40 चालत असेल तर सेल्फचा फरक कानाला कळतो.

प्रश्न : कडाक्याच्या थंडीत ट्रॅक्टर पहिल्या दमात लागतो, दोन-तीन मिनिटे चालतो आणि बंद पडतो. प्लग पुन्हा तापवून उपयोग होत नाही.

होणारही नाही. इंजिन लागले, म्हणजे प्लगने त्याचे काम केले. तुमचे डिझेल थांबते आहे. डिझेलमध्ये मूळचेच मेण असते. उन्हाळी प्रतीच्या डिझेलमध्ये शून्याच्या आसपास त्याचे कण धरू लागतात आणि फिल्टरच्या कागदावर बसतात. फिल्टरमध्ये आणि पंपात होते तेवढ्यावर इंजिन चालले, मग उपासमार झाली. फिल्टर उघडून पाहा : कागदावर पांढुरका, चरबीसारखा थर असेल तर मेण, खालच्या वाटीत खडा असेल तर पाणी गोठले आहे.

ट्रॅक्टर उबदार जागी आणा किंवा फिल्टरवर गरम पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळत राहा, नवा फिल्टर घाला, वाटीतले पाणी काढा आणि मग हवा काढून सुरू करा. मेण न धरू देणारे औषध डिझेल द्रवरूप असतानाच टाकीत घालायचे असते. एकदा धरलेले मेण ते विरघळवत नाही. पेट्रोल मिसळू नका. त्याने पंपाला वंगण मिळत नाही आणि टाकीतली वाफ पेट घेण्याजोगी होते. थंडी लागण्याआधी हिवाळी प्रतीचे डिझेल भरा, आणि ते टाकीत घातल्यावर इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवा, म्हणजे फिल्टर आणि पंपातले जुने डिझेल निघून नवे तिथवर पोचेल.